जाहीर इशारा : मुळशीतल्या दवाखान्यांना, मेडिकलवाल्यांना आणि घरातल्या कर्त्या पुरुषांना

आजपासून तीस दिवस.

या तीस दिवसांत मुळशी तालुक्यातल्या ज्या दवाखान्याच्या काउंटरवर ‘गर्भपातासाठी पतीची सही व दोघांचे आधार कार्ड आवश्यक’ असा कागद चिकटवलेला असेल, तो निघाला पाहिजे. जिथे कागद नाही, पण काउंटरवरची मुलगी तोंडाने तेच सांगते, तिथल्या डॉक्टरांनी तिला आत बोलावून सांगावं की हे आजपासून बंद. आणि ज्या मेडिकलच्या खालच्या खणातून गर्भपाताच्या गोळ्यांची किट चिठ्ठीबिठ्ठी न बघता निघते, त्या मेडिकलवाल्याने तो खण रिकामा करावा. भूगाव-भुकूमपासून पौडपर्यंत, माण-मारुंजी-हिंजवडीपासून कोळवण खोऱ्यापर्यंत, कुणालाही सूट नाही. एकतिसाव्या दिवशी आम्ही मुळशीच्या बायका विनंती करायला येणार नाही. तक्रारी लिहून तयार आहेत, फक्त तारीख टाकायची राहिली आहे.

आज नावं घेत नाही, कारण मुदत दिली आहे. मुदत संपली की कागदावर नावं येतील.

माघ महिन्यातली गोष्ट. एका कातकरी बाईबरोबर मी दवाखान्यात गेले होते. पदरात तीन पोरं, धाकटं अजून अंगावर पिणारं, आणि पाळी चुकून पंधरा दिवस झालेले. नवरा घाटाखाली वीटभट्टीवर. तिला हे मूल नको होतं. मला जसं सरळ सांगितलं तसंच तिने डॉक्टरांनाही सांगितलं असतं, पण डॉक्टरांपर्यंत ती पोचलीच नाही. काउंटरवर पहिला प्रश्न आला, ‘मिस्टर आलेत का?’ दुसरा, ‘आधार आणलंय?’ आधार होतं. त्यावर माहेरचं नाव, जन्मसाल चुकलेलं, आणि फोटोतली पोर कोण हे तिचं तिलाही ओळखू येईना. ‘मिस्टरांना घेऊन या, दोघांच्या झेरॉक्स आणा, मग बघू.’ मग म्हणजे कधी? भट्टी उतरल्यावर, पावसाच्या तोंडाला. तोवर तिला सहावा महिना लागला असता.

त्याच दिवशी संध्याकाळी, त्याच रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये मी खोकल्याचं औषध घ्यायला उभी होते. बाईकवरून एक तरुण आला. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. मोबाईलवर कसलासा फोटो दाखवला. आतल्या माणसाने खाली वाकून एक छोटा खोका काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला, वर रबर चढवला. पैसे रोख, बिल नाही. किती दिवस झाले, कुणासाठी हवंय, तिला माहीत आहे का, एक शब्द नाही. मला मात्र खोकल्याच्या औषधाला विचारलं होतं, ‘शुगर आहे का?’

त्या कातकरी बाईचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे. ते छापायला तिने परवानगी दिलेली नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

समोरच्या दाराने आलेल्या बाईकडे नवरा मागायचा, दोन आधार कार्डं मागायची, आणि मागच्या दाराने आलेल्या पुरुषाला काहीच विचारायचं नाही. हा उफराटा कारभार आम्ही मोडणार आहोत.

डॉक्टर लोकहो, तुमच्याकडे कायद्याचं पुस्तक असेल, पण बरीच वर्षं ते उघडलेलं दिसत नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, अमलात आला १ एप्रिल १९७२ ला. त्याआधी ज्या समितीने अभ्यास केला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. या कायद्याच्या तिसऱ्या कलमातलं चौथं पोटकलम वाचा. गर्भवती स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, एवढंच ते म्हणतं. वय अठराच्या आत असेल किंवा ती मनोरुग्ण असेल तर पालकाची लेखी संमती. नवरा हा शब्द तिथे नाही. सासरा नाही, दीर नाही, सरपंचाचा दाखला नाही.

संमतीचा कागद म्हणजे २००३ च्या नियमांबरोबरचा ‘फॉर्म सी’. तो समोर धरून बघा, अर्ध्या पानाचासुद्धा नाही. मी अमुक, अमक्याची मुलगी किंवा पत्नी, वय अंदाजे इतकं, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, अमुक ठिकाणी गर्भपात करून घ्यायला माझी संमती. खाली तारीख, ठिकाण, सही. वयाच्या आधी ‘अंदाजे’ आहे, हे लक्षात घ्या. जन्मतारखेचा पुरावा मागायचा असता तर अंदाजे कशाला लिहिलं असतं? ओळखपत्राच्या क्रमांकाचा रकाना नाही. साक्षीदाराची जागा नाही. सही येत नसेल तर अंगठा, तोही तिचाच.

कायदा बाईला अगदी मोकळं सोडतो असंही नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक परिस्थितीत दोघांचं. मला विचाराल तर निदान पहिल्या बारा आठवड्यांत हे मतही नको. पण ती मागणी वेगळी. आज आम्ही फक्त आहे तेवढा कायदा मागतो आहोत, आणि तोसुद्धा मिळत नाही.

‘उद्या नवरा येऊन भांडला तर?’ हे नेहमीचं उत्तर. येईल आणि भांडेल. एक नवरा असाच कोर्टात गेला होता. माझ्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून त्याने बायकोवर आणि डॉक्टरांवर ३० लाखांच्या भरपाईचा दावा लावला. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०११ मध्ये तो फेटाळला, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये. नवऱ्याच्या संमतीचा प्रश्नच येत नाही, हे तिथेच संपलं. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क आहे, आणि घरच्यांची संमती किंवा कागदपत्रांचे पुरावे अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. त्याआधी २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फसल्याच्या कारणात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ हे शब्द काढून ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे घातले. हिंजवडीच्या कंपनीत काम करणारी, मारुंजीत खोली करून राहणारी मुलगी दवाखान्यात आली की ‘मिसेस’ म्हणून हाक मारायची आणि उत्तर ऐकून भुवया उंचवायच्या, हेही बंद करा.

ओळखपत्राची खोड सोनोग्राफीवरून लागली, हे आम्हाला कळतं. लिंगनिदानाच्या कायद्याने सोनोग्राफीवाल्यांच्या मागे कागदांचा ससेमिरा लावला आणि तो हवाही होता. त्या धाकात झेरॉक्स गोळा करायची सवय पडली, आणि ती शेजारच्या खोलीतल्या गर्भपातालाही चिकटली. पण हे दोन कायदे वेगळे आहेत. एक लपवाछपवी पकडण्यासाठी आहे, दुसऱ्यात बाईचं नाव लपवणं हे तुमचं कर्तव्य आहे.

हो, कर्तव्य. संमतीचा कागद आणि डॉक्टरचं मत पाकिटात घालून ते सीलबंद करायचं, वर ‘गोपनीय’ लिहायचं, नावाऐवजी रजिस्टरमधला अनुक्रमांक टाकायचा. केसपेपरवर, ऑपरेशनच्या नोंदवहीत, पुन्हा दाखवायला यायच्या कार्डावर, कुठेही नाव नाही, फक्त तो क्रमांक. ते रजिस्टर पाच वर्षं जपायचं आणि ते गुप्त कागदपत्र मानायचं. नाव फोडणाऱ्याला २०२१ पासून एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आता आपल्याकडचं बघा. ‘शेजारून झेरॉक्स काढून आणा.’ झेरॉक्सवाला गावातलाच. काउंटरवरची मुलगी कुणाची तरी भाची. बाई घरी पोचायच्या आधी बातमी चावडीवर. सील करायचं पाकीट राहिलं बाजूला, उघडी फाईल टेबलावर पंख्याने फडफडते.

पुण्यात १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. आलेल्या बाईला त्यांनी कागद विचारला नाही. तिथून पौड तीस-पस्तीस किलोमीटर असेल. एकशेसाठ वर्षांत एवढं अंतर आपल्याला कापता आलं नाही, आणि वर त्यांचे फोटो दवाखान्याच्या भिंतीवर लावतो.

आता मेडिकलवाल्यांनी ऐकावं.

त्या खोक्यात काय असतं हे तुम्ही सांगायला नको. एक गोळी मिफेप्रिस्टोनची, चार मिसोप्रोस्टॉलच्या. पहिली गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाला अडवते, उरलेल्या एक-दोन दिवसांनी घेतल्या की पिशवी आकुंचन पावते. ही जोडगोळी २००८ मध्ये देशात मंजूर झाली, नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ६३ दिवस. औषध चांगलं आहे. वेळेत आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतलं तर टाका नाही, भूल नाही, पिशवी साफ करायची वेळ क्वचितच येते. आम्ही या औषधाच्या विरोधात नाही, हे आधी नोंदवून ठेवा. आम्ही विरोधात आहोत ते वर्तमानपत्रात गुंडाळण्याच्या.

पट्टीवर लाल रेघ आहे, ती शोभेची नाही. शेड्यूल एचचं औषध आहे, नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि बिलाशिवाय विकता येत नाही. बाईचे दिवस किती गेलेत हे तपासायला कुणीतरी हवं. गर्भ पिशवीत न राहता नळीत अडकला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्तस्राव झाला म्हणून बाईला वाटतं सुटले, आणि चार दिवसांनी नळी फुटते. अंगात रक्त सहा-सातच असेल तर नेहमीचा रक्तस्रावही तिला झेपत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याचं इंजेक्शन वेगळं. हेल्मेटवाल्याला यातलं काय ठाऊक होतं? आणि तुम्हाला तरी?

उलट बाजूही आहे. २०१२ मध्ये परळीत डॉक्टर दांपत्याच्या दवाखान्यात बेकायदा गर्भपातात बाई मेल्याचं प्रकरण उघडकीला आल्यावर राज्यात औषध दुकानांवर धाडी पडल्या. तेव्हापासून सरळमार्गी दुकानदारांनी हे औषध ठेवणंच सोडलं. कोण कटकट घेणार? त्यामुळे चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला ‘नाही’, आणि चिठ्ठी नसलेल्याला छापील किमतीच्या दुप्पट-तिप्पट भावाने ‘आहे’. आमची मागणी सोपी आहे. औषध ठेवा, चिठ्ठीवर द्या, छापील किमतीत द्या, बिल फाडा. आणि चिठ्ठी असेल तर घेणाऱ्या बाईला लग्न झालंय का म्हणून विचारू नका. तो तुमचा प्रश्न नाही.

चिठ्ठी कुणाची चालते, यावरही बोललं पाहिजे, कारण गावात इथेच सगळ्यांची दातखीळ बसते. हा कायदा स्त्रीरोगतज्ज्ञाला किंवा गर्भपाताचं प्रशिक्षण घेतलेल्या एमबीबीएस डॉक्टरला परवानगी देतो. नऊ आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या असा डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यातही देऊ शकतो, मात्र मान्यताप्राप्त केंद्राशी त्याची सोय लावलेली हवी आणि तसं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांना ही परवानगी नाही. यातले कित्येक जण रात्री-अपरात्री दार उघडतात, उधारीवर औषध देतात, गावाला त्यांचा आधार आहे, आणि त्यांच्याशी आमचं वैर नाही. पण म्हैसाळ आठवा. मार्च २०१७, सांगली जिल्हा, ओढ्यालगत पुरलेले १९ भ्रूण, आणि दवाखान्यावर होमिओपॅथीची पदवी. परवानगी नसताना गर्भपात करणाऱ्याला दोन ते सात वर्षं सक्तमजुरी आहे. भिडेखातर कुणाला सोडणार नाही.

आणि आता घरातल्या कर्त्यांनो, तुमच्याकडे वळते.

संमती म्हणजे फक्त ‘हो’ म्हणायचा हक्क नाही, ‘नाही’ म्हणायचाही आहे. तिसरीही मुलगीच असेल या धास्तीने, लग्नाआधीचं लफडं निस्तरायला, मुकादमाची उचल फिटली नाही आणि ऊसतोडीवर नवरा-बायकोचा जोडीचा कोयता अर्धा पडेल म्हणून, बाईला न सांगता चहातून, किंवा ‘ताकदीची गोळी आहे’ असं सांगून हे औषध दिलं जातं. आपल्याकडे कासारसाईच्या साखर कारखान्याला मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडातल्या बाईला विचारणारं कुणी नसतं. ऐकून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ८९ : स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात घडवून आणला तर दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा जन्मठेप. तुम्ही नवरा आहात म्हणून यात सवलत नाही. गोळ्या तुमच्या पैशांच्या होत्या म्हणूनही नाही. परळीच्या खटल्यात २०१९ मध्ये डॉक्टर दांपत्याबरोबर मेलेल्या बाईच्या नवऱ्यालाही दहा वर्षांची शिक्षा लागली. काही दवाखाने ज्या सहीला एवढं मानतात ती नवऱ्याची सही ही अशीही असते.

अठराच्या आतल्या मुलींचं प्रकरण नाजूक आहे आणि तिथे आमची भूमिकाही वेगळी. पालकाची लेखी संमती लागते. पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण २०२२ च्या निकालाने सांगितलं आहे की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरला कळवताना तिचं नाव सांगावं लागत नाही. मुलीला हाकलून देऊन ‘आमच्या डोक्याला ताप नको’ म्हणणं हा मार्ग कायद्यात नाही. हाकललेली मुलगी त्या खालच्या खणाकडेच जाते.

सरकारी आरोग्य खात्याला आमचा इशारा कमी, मागणी जास्त. सरकारी रुग्णालयाला या कामासाठी वेगळी मान्यता काढावी लागत नाही, कायद्यानेच ते मान्य ठिकाण आहे, आणि सेवा मोफत. मग पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दर्शनी भागी मराठीत फलक लावा : प्रशिक्षित डॉक्टर कोणत्या वारी असतात, गोळ्या मिळतात की नाही, आणि ‘फक्त स्त्रीची संमती पुरेशी आहे’ हे वाक्य मोठ्या अक्षरात. भांबर्डे-सालतरकडची बाई एसटीने खाली उतरते तेव्हा तिचा एक दिवस आणि एक मजुरी जाते. ‘आज डॉक्टर नाहीत’ हे तिला गाडीत बसायच्या आधी कळलं पाहिजे. आशाताईंना हे सगळं आधी शिकवा, कारण बाई पहिल्यांदा त्यांच्याच दारात जाते.

कुणी म्हणेल, मुळशीच्या बायकांना हे भांडण कुठून सुचलं. संमती हा शब्द या तालुक्याला नवा नाही. धरणासाठी टाटा कंपनीने शेतकऱ्याला न विचारता त्याच्या खाचरात चर खणले, आणि १९२१ च्या रामनवमीला माणसं बांधावर जाऊन बसली. जमीन गेली, ते खरं. पण न विचारता घेतली, हे शंभर वर्षं आपण विसरलेलो नाही.

तर एकतिसाव्या दिवसाचं. नवऱ्याची सही मागितली म्हणून लगेच कुणाला बेड्या पडत नाहीत, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाईल, २०२२ च्या निकालाची प्रत जोडून. बाईचं नाव फुटलं असेल तर तो गुन्हा आहे, तिची इच्छा असेल तर तो पोलिसांत नोंदवू, पौड असो की हिंजवडी. मान्यता नसताना गर्भपात करणाऱ्यांची माहिती औंधला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. चिठ्ठीशिवाय विक्री करणाऱ्या दुकानांची अन्न व औषध प्रशासनाकडे, तारीख-वेळेसकट. मुळशीतल्या मान्यताप्राप्त केंद्रांची यादी माहिती अधिकारात मागवतो आहोत, ती आली की गावोगावच्या ग्रामपंचायतीबाहेर लावू. यादीत नाव नसलेल्यांना मग गावच विचारेल.

यात एकाही बाईचं नाव, गाव, फोटो आम्ही वापरणार नाही. तिने हो म्हटलं तरच, आणि म्हटलं तेवढंच.

शेवटचं तुझ्यासाठी, बाई. हा इशारा तुला नाही. गोळ्या कुठूनही घेतल्या असतील, लपून घेतल्या असतील, तरी तासाला दोन पॅड भिजताहेत आणि दोन तास तसंच चाललंय, ताप उतरत नाही, चक्कर येते, पोटात एका बाजूला मरणाचं दुखतंय, तर उजाडायची वाट बघू नकोस. १०८ ला फोन लाव. दवाखान्यात शेवटची पाळी कधी आली होती आणि काय घेतलंस, कधी घेतलंस, एवढं खरं सांग. खोका टाकला नसशील तर तो सोबत ने.